एमपीआयला ओपनएमपी जोडलं की प्रोग्राम पळतोच?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत सीनियरकडून ज्युनिअरकडे आलेला एक समज आहे: एमपीआयमध्ये वेगवेगळ्या प्रोसेस एकमेकींना निरोप पाठवून काम वाटून घेतात; एकाच मशीनमध्येसुद्धा हे निरोप नेटवर्कवरून फिरून येतात, म्हणून प्रत्येक प्रोसेसच्या आत ओपनएमपीचे थ्रेड (एकच मेमरी वाटून घेत एकाच वेळी राबणारे हात) घातले की वेग वाढतोच.

तसं नाही ओ. आजच्या एमपीआय लायब्रऱ्या एका नोडवरचे (क्लस्टरमधल्या एका मशीनवरचे) निरोप सहसा सामायिक मेमरीतूनच देतात. उलट, नवशिक्याच्या मिश्र कोडमध्ये एमपीआयचं काम चालू असताना एकच थ्रेड राबतो, बाकीचे हात बांधून उभे. त्यात मुख्य थ्रेडने सगळा अ‍ॅरे शून्याने भरला की त्याची पानं (मेमरीचे तुकडे) त्या थ्रेडच्याच सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर चिपच्या, मेमरीत बसतात आणि दुसऱ्या सॉकेटला दर वेळी लांबून डेटा ओढावा लागतो. अ‍ॅरे भरायचं कामच थ्रेडांत वाटून दिलं तर हे टळतं.

मिश्रणाचा खरा फायदा बहुतेकदा मेमरीत. २५६×२५६×२५६ ची जाळी ६४ प्रोसेसमध्ये वाटली, तर प्रत्येकीकडे ६४×६४×६४ चा ठोकळा येतो; शेजाऱ्याच्या किनारीची एकेक थराची नक्कल धरली की ६६×६६×६६, म्हणजे जवळजवळ १० टक्के जादा. दोन सॉकेटच्या मशीनवर दोनच प्रोसेस आणि प्रत्येकी ३२ थ्रेड ठेवले तर जादा भार ३ टक्क्यांवर येतो. म्हणून सॉकेटमागे एक प्रोसेस, ही सुरुवात बरी.

आणि थ्रेड नकोच असतील तर २०१२ च्या एमपीआय-३ पासून एका नोडवरच्या प्रोसेसना थेट सामायिक मेमरी घेता येते. व्हायव्हाला विचारत नाहीत, म्हणून कुणी वाचत नाही.