शून्य गण (निष्क्रिय वायू)

शून्य गण म्हणजे आवर्तसारणीच्या अगदी उजव्या कडेचा उभा स्तंभ. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन व रेडॉन हे निष्क्रिय वायू (राजवायू) त्यात येतात. आजच्या क्रमांकनानुसार हा १८ वा गण. दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सारणी मांडली आणि तोवर न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी तीत जागा राखल्या. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) त्या जागांवर चपखल बसले. या वायूंसाठी मात्र एकही घर रिकामे नव्हते. मेंडेलीव्ह यांची मांडणी अणुभाराइतकीच संयुजेवर, म्हणजे कोणत्या सूत्राची ऑक्साइडे व हायड्राइडे बनतात यावर, उभी होती. जे कशाशीच संयोग पावत नाही, ते तिला दिसणार कसे?

सुगावा तसा फार आधी लागला होता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि तयार होणारे वायू अल्कलीत शोषून घेतले. शेवटी नळीत एक बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहूनही लहान. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. पुढची शंभर वर्षे त्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. १८९० नंतर लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरमागे सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, तर अमोनियासारख्या संयुगांतून काढलेला १.२५१. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा, पण दर वेळी त्याच बाजूला झुकणारा. विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेऊन शोषून टाकला आणि १८९४ मध्ये आर्गॉन हाती आला. हवेत हा वायू ०.९३ टक्के असतो, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त.

आर्गॉनने सारणीची पंचाईत केली. त्याचा अणुभार ३९.९, म्हणजे पोटॅशियमपेक्षा (३९.१) जास्त, मग त्याला पोटॅशियमच्या आधी कसे बसवायचे? हे नवे मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असा तर्क खुद्द मेंडेलीव्ह यांनी लढवला. पण वायूतील ध्वनीच्या वेगावरून रेणू एकाच अणूचा असल्याचे दिसत होते. १८९५ मध्ये रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम मिळाला, १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन. आता एकट्यादुकट्या मूलद्रव्याचा प्रश्न उरला नाही; आख्खा स्तंभच उभा राहिला आणि मेंडेलीव्ह यांनीही तो स्वीकारला. क्रमाचा तिढा १९१३ मध्ये हेन्री मोझ्ली यांच्या क्ष-किरण प्रयोगांनंतर सुटला. क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा, म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येचा. आर्गॉन १८, पोटॅशियम १९.

हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर भारतात नव्हते. सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणाविना टिपली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवर सापडूनही गेला होता.

या वायूंच्या सर्वांत बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात, हेलियममध्ये दोन. त्यामुळे इलेक्ट्रॉन देण्याची, घेण्याची वा वाटून घेण्याची त्यांना सहसा गरज पडत नाही. निव्वळ इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी) पाहिले तर हेलियम बेरिलियमच्या डोक्यावर बसायला हवा. गुणधर्म पाहून त्याला निऑनवर ठेवले जाते. वर्गीकरणात सोय आणि तत्त्व यांची अशी तडजोड चालते.

‘निष्क्रिय’ हे विशेषणही पुरते टिकलेले नाही. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून काढते, हे नील बार्टलेट यांना कॅनडात काम करताना दिसले होते. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तितकीच ऊर्जा लागते, हे त्यांनी हेरले. १९६२ मध्ये त्यांनी त्या संयुगाची लालभडक वाफ व रंगहीन झेनॉन एकत्र आणले, आणि साध्या तापमानाला पात्रात पिवळसर नारिंगी घन पदार्थ, म्हणजे झेनॉनचे संयुग, जमला. निऑनचे उदासीन (विद्युतभार नसलेले) संयुग मात्र अजून कोणाला बनवता आलेले नाही.

कारखान्यांत आर्गॉन वेल्डिंगला लागतो, तर एमआरआय यंत्रांतील चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम. स्तंभाच्या तळाशी ११८ अणुअंकाचे, प्रयोगशाळेत घडवलेले ओगानेसॉन आहे. हे नाव २०१६ मध्ये मान्य झाले. त्याचे मोजकेच अणू आजवर तयार झाले असून तेही मिलिसेकंदांत विघटित होतात. गणिते पाहता, पुरेसा साठा जमलाच तर साध्या तापमानाला ते वायू नव्हे, घन असण्याची शक्यता अधिक.