चर्चमधला विवाह शून्य ठरवण्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

"कोर्टाचा घटस्फोट मिळाला, आता चर्चमध्ये दुसरं लग्न लावता येईल ना?" वसईत लग्नपूर्व मार्गदर्शनाच्या कामात हा प्रश्न मी वारंवार ऐकते. कॅथलिकांसाठी उत्तर असं आहे की तेवढ्याने लावता येत नाही. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' हे येशूचं वचन चर्च शब्दशः पाळतं. पहिला जोडीदार हयात असताना केलेलं दुसरं लग्न बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात व्यभिचार ठरतं. म्हणून चर्च घटस्फोट देत नाही. मात्र लग्नाच्या दिवशी खरा विवाहबंध जुळलाच होता का, हे चर्चचं न्यायालय तपासतं. जुळला नव्हता असं सिद्ध झालं, तर विवाह शून्य असल्याचं जाहीर होतं. यालाच लोक अ‍ॅनलमेंट म्हणतात.

अर्ज पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही करू शकतं. जोडीदार कॅथलिक नसला तरी हरकत नाही. कारण मात्र लग्नाच्या वेळचं हवं: धाकाने किंवा जबरदस्तीने दिलेली संमती, मूल नकोच किंवा एकनिष्ठ राहायचंच नाही असा आधीच केलेला निश्चय, संमती मिळवण्यासाठी गंभीर गोष्ट लपवून केलेली फसवणूक, किंवा मानसिक कारणाने संसाराची जबाबदारी पेलण्याची असमर्थता. लग्नानंतर नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले, एवढ्यावर विवाह शून्य होत नाही. निर्दोष जोडीदाराला वेगळं राहण्याचा हक्क चर्चचा कायदा देतो, पण बंध कायम राहतो.

इथेच बहुतेकांचं निवेदन फसतं. एका ताईने सात पानं लिहून आणली होती. मारहाण, दारू, माहेरी परतणं, सगळं लग्नानंतरचं. साखरपुड्याबद्दल विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मला नकोच होतं. बाबांनी दोन दिवस जेवण सोडलं, म्हणून हो म्हटलं." ते वाक्य सात पानांत कुठेच नव्हतं. तुमचं निवेदन ओळख कशी झाली, होकार कोणी आणि कसा दिला, लग्नाच्या आदल्या दिवशी मनात काय होतं, इथून सुरू करा.

सुरुवात आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांपासून करा. ते धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, न्यायालयाकडे पाठवतात. विवाह जिथे झाला, दोघांपैकी कोणीही जिथे राहतं, किंवा बहुतेक पुरावे जिथे आहेत, त्या धर्मप्रांतात अर्ज चालतो. त्यामुळे दुबईत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्यांना त्यासाठी गावी यावंच लागतं असं नाही.

साधारणपणे लागणारे कागद: दोघांचे नव्याने काढलेले स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) दाखले (कॅथलिक नसलेल्या जोडीदाराचं काय लागेल ते विचारा), चर्चचा विवाह दाखला, कोर्टाचा घटस्फोटाचा निकाल, सविस्तर निवेदन, जोडीदाराचा सध्याचा पत्ता आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लग्नापूर्वीपासून तुम्हाला ओळखणारे साक्षीदार निवडा. भाऊ, बहीण, मैत्रीण चालतात. जुनी पत्रं, मेसेज, डॉक्टरांचे कागद असतील तर जोडा.

पुढे जोडीदाराला कळवलं जातं. त्याने सहकार्य केलं नाही तरी प्रकरण चालू राहतं. दोघांची आणि साक्षीदारांची स्वतंत्र जबानी होते. 'विवाहबंधाचा रक्षक' हा अधिकारी विवाह वैध असल्याची बाजू मांडतो. तो तुमच्या विरोधात आहे असं मनात आणू नका. प्रत्येक खटल्यात त्याचं असणं बंधनकारक असतं. पोप फ्रान्सिस यांच्या सुधारणा 8 डिसेंबर 2015 पासून लागू झाल्या. तेव्हापासून विवाह शून्य ठरवणाऱ्या दोन सारख्या निकालांची सक्ती उरली नाही. पुरावा उघड असेल आणि दोघांची सहमती असेल, तर बिशपांसमोर छोटी प्रक्रियाही होते. नेहमीचा खटला पहिल्या न्यायालयात वर्षभरात संपावा अशी अपेक्षा आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. प्रक्रिया शक्यतो मोफत असावी, असंही त्या सुधारणांत आहे. पैशांची अडचण फादरांना मोकळेपणाने सांगा.

चर्चचा निकाल सरकारदरबारी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हे स्पष्ट केलं. ख्रिस्ती लोकांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचा निकाल वेगळा घ्यावाच लागतो. 2001 च्या दुरुस्तीपासून परस्परसंमतीने घटस्फोट मिळतो. त्याआधी पत्नीला व्यभिचारासोबत क्रूरतेसारखं आणखी कारण दाखवावं लागे, पतीला मात्र नुसता व्यभिचार पुरे होता. तो अन्यायही त्याच दुरुस्तीने गेला.

दोन भीती मनातून काढा. विवाह शून्य ठरला म्हणून मुलं अनौरस होत नाहीत, चर्चचा कायदाच तसं सांगतो. आणि केवळ घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद, बंद होत नाही. किती तरी बायका वर्षानुवर्षं मिस्सेत मागच्या बाकावर बसून राहतात, कोणी त्यांना हे सांगितलेलंच नसतं.

निकालाविरुद्ध अपील करायला पंधरा दिवस मिळतात. अपील झालं नाही, तर निर्णय विवाहाच्या आणि स्नानसंस्काराच्या नोंदवहीत चढतो. कधी कधी न्यायालय परवानगीशिवाय पुन्हा लग्न करू नये अशी अटही घालतं, ती निकालपत्रात नीट वाचा. नव्या लग्नाचा हॉल त्यानंतरच ठरवा, आणि फादरांकडे जाताना स्नानसंस्काराचा दाखला पुन्हा काढून न्या. त्यावर या निर्णयाचा शेरा लागतो.