तळटीपेतलं नाव

संगणकीय भौतिकीत पीएचडी करणाऱ्याचं पहिलं वर्ष बहुतेक एकाच आलेखाकडे डोळे लावून जातं. आभासी पेटीत काही अणू सोडायचे. ते एकमेकांना ओढत-ढकलत फिरतात, पण त्यांच्या एकूण ऊर्जेची रेघ सपाट राहायला हवी. ती हळूहळू वर चढायला लागली, तर निसर्गनियम मोडलेला नसतो, आपलं काहीतरी चुकलेलं असतं. मग काळाची पायरी, म्हणजे दोन हिशेबांमधलं काळाचं अंतर, निम्मी करून बघायची. तरी चढतेच? म्हणजे बलाच्या सूत्रात कुठेतरी अधिकच्या जागी उणे पडलंय. ते सापडायला कधी तास लागतो, कधी पंधरा दिवस, आणि त्या पंधरा दिवसांचा पेपरमध्ये मागमूसही नसतो.

या पेशाची खरी मेख इथेच आहे. प्रयोग करणाऱ्याचं उपकरण टेबलावर दिसतं. इथलं उपकरण म्हणजे कोड. तो लिहिण्यात, तपासण्यात वर्षं जातात आणि नेमणुकीच्या वेळी मोजले जातात पेपर.

हा घोळ या विषयाइतकाच जुना आहे. 1953 साली अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉसमध्ये एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी ‘मॅनिअ‍ॅक’ या संगणकाला एक प्रश्न घातला. स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांची साखळी एका ठरावीक लयीत हलवली आणि स्प्रिंगांचं बल ताणाच्या अगदी सरळ प्रमाणात न ठेवता किंचित वेगळं ठेवलं, तर ऊर्जा हळूहळू सगळ्या लयींत वाटली जाईल ना? अपेक्षा तशीच होती. प्रत्यक्षात ऊर्जा थोडी पसरली आणि मग जवळपास सगळी पहिल्या लयीत परत आली! पुढे सॉलिटॉनच्या (आकार न बदलता पुढे सरकणाऱ्या एकट्या लाटेच्या) आणि अरेखीय गतिशास्त्राच्या, म्हणजे जिथे परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात नसतो अशा हालचालींच्या, अभ्यासाला या कोड्याने मोठी चालना दिली. 1955 च्या अहवालावर लेखक म्हणून तिघांची नावं आहेत. कोड लिहून गणितं चालवणाऱ्या मेरी त्सिंगू यांचे आभार तळटीपेत मानले आहेत.

याच विषयात अनीसुर रहमान यांच्यासारखी कारकीर्दही घडली. जन्म हैदराबादचा, उमेदीची वर्षं अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. 1964 साली त्यांनी आर्गॉन या वायूचे, द्रवरूपातले, 864 अणू संगणकात हलवून दाखवले. प्रत्येक अणूचं इतर प्रत्येकाशी अंतर काढायचं म्हटलं तर 3,72,816 जोड्या होतात, आणि अणू सरकले की पुन्हा पहिल्यापासून. काळाची पायरी किती बारीक? सेकंदाचे शंभर लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक! अणू द्रवात किती वेगाने पांगतात याचं उत्तर प्रयोगाशी चांगलं जुळलं. पेपरवर नाव एकट्या रहमान यांचं. 1971 मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासोबत त्यांनी हेच पाण्याच्या 216 रेणूंवर केलं. आज औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो हे संगणकावर बघणारे त्याच वाटेने चाललेले असतात. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा संगणकीय भौतिकीसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे.

आता कोड सहसा एकट्याचा नसतो. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचं एक पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी, मग दुसरं, प्रत्येक ठिकाणी आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या हजारो ओळी. त्यातली चूक दुरुस्त करणारा पुढच्या दहा जणांचं काम सोपं करतो, पण त्याच्या स्वतःच्या बायोडेटात त्याने फारशी भर पडत नाही. सॉफ्टवेअरवरच पेपर लिहिणं हा त्यावरचा एक उपाय. रेणूंच्या हालचालींसाठी जगभर वापरलं जाणारं ‘लॅम्प्स’ घ्या. ते वापरणारे लोक 1995 च्या एका पेपरचा हवाला देत आले, म्हणून तरी तो कोड मोजदादीत आला. मला हा उपाय थोडा केविलवाणा वाटतो. दुर्बीण बांधणाऱ्याचं श्रेय मान्य करायला तिच्यावरचा लेख लागतो, असंच ते झालं.

त्सिंगू लॉस अ‍ॅलामॉसमध्येच राहिल्या. त्याच साखळीचा प्रश्न त्यांनी जेम्स टक यांच्यासोबत पुन्हा काढला, जास्त वेगवान संगणकावर कितीतरी जास्त वेळ चालवला. ऊर्जा परत येते तेव्हा थोडी कमी भरते, पण आणखी बराच काळ थांबलं तर ती तूटही भरून निघते, असं दिसलं. 1972 च्या त्या पेपरवर त्यांचं नाव लेखक म्हणून आहे. फक्त लग्नानंतरचं, मेन्झेल.