तांदळाचा दाणा आणि साठ हजार फेरे

फोंड्याला आमच्या घरी हुमणाचं वाटप मिक्सरला लावलं की भांडं थरथरत ओट्यावर सरकतं. खोबरं एका बाजूला चिकटलेलं असतं, एवढंच. आई झाकण दाबून धरते.

आता मिनिटाला ६०,००० फेरे घेणारी चकती डोळ्यांपुढे आणा. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर उकड्या तांदळाचा एक दाणा चिकटलाय, साधारण २० मिलिग्रॅमचा. तो चकतीला बाहेर ओढतो चार किलोच्या ओझ्याइतक्या जोराने! (गणित मी दोनदा केलं.) ६,००० फेऱ्यांना हेच ओझं ४० ग्रॅम भरतं. वेग दहापट, तर ओढ शंभरपट.

अशा वेगात छर्‍यांचं बेअरिंग तापतं, झिजतं, वंगण मागतं. म्हणून रोटर, म्हणजे चकती आणि तिचा दांडा, चुंबकांनी अधांतरी धरतात. भोवतीची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. नुसत्या कायमच्या चुंबकांनी हे जमत नाही, हे इंग्रज गणितज्ञ सॅम्युअल अर्नशॉने १८४२ मध्येच सिद्ध केलं होतं. म्हणून विद्युतचुंबकाचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त करावा लागतो.

पण रोटर किती सरकला, हे कळणार कसं? सहसा सेन्सर बसवतात. ते महाग, नाजूक, आणि जागाही अडवतात. खरी गंमत सेन्सर काढून टाकण्यात आहे. रोटर जवळ आला की चुंबकाच्या वेटोळ्यातला प्रवाह सावकाश चढतो, दूर गेला की झपाट्याने. प्रवाहाच्या या बारीक लहरी वाचून चिप फटीचा अंदाज बांधते. धरणारा हातच चाचपतोही. मात्र प्रवाह फार वाढला की लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होतं आणि अंदाज चुकतो, नेमका अडचणीच्या वेळी.

फिरवणाऱ्या मोटरला रोटर कुठल्या कोनात आहे तेही कळावं लागतं; त्याचंही तसंच. फिरत्या रोटरमुळे वेटोळ्यात उपजणाऱ्या विजेवरून तो कळतो. थांबलेल्या रोटरची वीज शून्य, त्यामुळे सुरुवात बऱ्याचदा आंधळेपणानेच होते.

मग त्या दाण्याचं काय? प्रत्येक फेऱ्याला उलट रेटा द्यायला गेलं तर वेटोळी तापतात, सांगाडा हादरतो. म्हणून पूर्ण वेगात नियंत्रक फेऱ्यागणिक येणाऱ्या त्या हिसक्याकडे काणाडोळा करतो आणि रोटर आपल्या वस्तुमानाच्या मध्याभोवती शांत फिरतो. आईला हे पटणार नाही. पण वेग चढताना दांड्याच्या स्वतःच्या कंपनाचा टप्पा लागतो, तिथे मात्र आईसारखंच धरावं लागतं.

आणि जूनमधल्या पहिल्या पावसात वीज गेली तर? फिरता रोटरच मोटरचा जनरेटर करून चुंबकांना वीज पुरवत राहतो, वेग उतरेपर्यंत. तेही फसलं तर त्याला झेलायला छर्‍यांची राखीव बेअरिंगं बसवलेली असतात.