मुक्त-स्रोत स्ट्रॅटेजी गेमचे पार्श्वसंगीत : परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

मुक्त-स्रोत गेमसाठी घेतलेली संगीताची परवानगी गेम बनवणाऱ्या चमूपुरती असून भागत नाही. गेमची प्रत घेणाऱ्या, तीत बदल करणाऱ्या आणि ती पुढे वाटणाऱ्या प्रत्येकाला तीच परवानगी मिळावी लागते. त्यामुळे नौपाड्यातल्या संगीतकार मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ‘वापर बिनधास्त, आपलंच आहे’ हा निरोप कितीही मोठ्या मनाने दिलेला असला, तरी त्याच्या भरवशावर गेम प्रसिद्ध करणे योग्य नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. शिवाय कलम १९ मधील तरतुदी कलम ३०अ मुळे परवान्यालाही लागू होतात. त्यामुळे लेखी परवान्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो केवळ भारत, असे धरले जाते. जगभरातून उतरवून घेतल्या जाणाऱ्या गेमच्या दृष्टीने या दोन्ही मर्यादा अडचणीच्या आहेत.

या कारणाने स्वतः मसुदा रचण्यापेक्षा क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने वापरणे सोयीचे असते. त्यांच्या मजकुरात जगभराचा प्रदेश आणि कॉपीराइटची संपूर्ण मुदत आधीच लिहिलेली असते. त्यांपैकी सीसी-झिरो (हक्क सोडून देणारा), सीसी-बाय (फक्त श्रेय मागणारा) आणि सीसी-बाय-एसए (श्रेयासोबत फेरफारही त्याच परवान्याखाली वाटायला लावणारा) हे तीन चालतात. ‘एनसी’ अक्षरे असलेला परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, तर मुक्त-स्रोत गेम विकत देण्याचीही मोकळीक असावी लागते, म्हणून तो बाद होतो. ‘एनडी’ असलेला परवाना फेरफार केलेली रचना पुढे वाटू देत नाही, आणि हलत्या दृश्याशी सुसंगत करून बसवलेले संगीतही या परवान्यांच्या चौथ्या आवृत्तीच्या मजकुरानुसार फेरफारच मानले जाते, म्हणून तोही बाद होतो. गेमचा कोड जीपीएल या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली असेल तर संगीत वेगळ्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या परवान्यासह ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ‘झिरो ए.डी.’ या स्ट्रॅटेजी गेममध्ये कोड जीपीएलखाली, तर चित्रे व संगीत सीसी-बाय-एसए ३.० खाली आहे. सीसी-बाय-एसए ४.० मधील सामग्री जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत घेता येते, हे २०१५ पासून मान्य आहे. उलट दिशेने मात्र ती सोय नाही.

परवाना देण्यास पात्र कोण, हा यातला खरा किचकट भाग आहे. एका ध्वनिफितीत चाल, शब्द, ध्वनिमुद्रण आणि वादक-गायकांचे सादरीकरण असे चार वेगळे हक्क असू शकतात आणि ते चार वेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. मराठेशाहीवरच्या गेममध्ये एखादे नाट्यपद घ्यावेसे वाटले, असे समजू. ‘मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली निवर्तले. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क टिकत असल्याने त्यांच्या चालींवरील हक्क २०१५ अखेर संपले, आणि जिथे ही मुदत ७० वर्षांची आहे तिथे ती २०२५ अखेरपर्यंत होती. मात्र त्याच पदाचे गेल्या वर्षीचे ध्वनिमुद्रण घेतले, तर त्या ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० आणि कलावंताच्या सादरीकरणाला ५० वर्षांचे स्वतंत्र संरक्षण आहे. चाल मोकळी असेल तर ती स्थानिक कलावंतांकडून नव्याने मुद्रित करून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

ऐरोली किंवा महापे येथील कंपनीत नोकरी करून रात्री घरी संगीत रचणाऱ्यांनी आपले नियुक्तिपत्र काळजीपूर्वक वाचावे. कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून झालेल्या रचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालक-कंपनी असते. आणि काही नियुक्तिपत्रांतील कलमे त्याहून बरीच लांब हात पसरतात. शंका असल्यास मनुष्यबळ विभागाकडून दोन ओळींचे ना-हरकत पत्र घ्यावे. रचनाकार आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा सभासद असेल, तर काही हक्क त्याने आधीच संस्थेकडे सोपवलेले असतात, म्हणून सभासदत्वाचा दस्त पाहिल्याशिवाय त्याचा परवाना गृहीत धरू नये. १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. कनिष्ठ महाविद्यालयातला एखादा हुशार मुलगा संगीत देत असेल, तर पालकांना सोबत घेऊन कायदेशीर सल्ल्याने कागद करावा. गेमचा चमू नोंदणीकृत संस्था नसल्यास कागदावर चमूचे नाव न घालता जबाबदार व्यक्तीचे नाव घालावे.

प्रत्येक रचनेसाठी ठेवायची कागदपत्रे फार नाहीत. रचनाकाराचे स्वाक्षरीसह परवानापत्र हवे, ज्यात रचनेचे शीर्षक, परवान्याचे नाव व आवृत्ती आणि तारीख असेल. प्रत्येक वादकाचे लेखी संमतिपत्र हवे. तबलजीला मानधन रोख दिले म्हणून संमती मिळाली असे होत नाही. रचनेत वापरलेल्या तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे ध्वनितुकडे) आणि नमुना-ध्वनींची यादीही त्यांच्या परवान्यांसह घ्यावी, कारण विकत घेतलेल्या अनेक ध्वनिसंचांच्या अटी ते सुटे ध्वनी पुढे वाटू देत नाहीत. संकेतस्थळावरून संगीत घेतले असेल, तर त्या दिवशीच्या पानाची प्रत तारखेसह जपावी. पान उद्या काढून टाकले तरी आधी मिळालेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, त्याच्या अटी पाळल्या जात असतील तोवर, मागे घेता येत नाही. पण तो मिळाला होता हे दाखवावे लागते.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, तरी वाद झाल्यास नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अर्ज नमुना चौदामध्ये ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी ठाण्याहून दिल्लीचे कॉपीराइट कार्यालय गाठण्याची गरज नाही. संगीतरचनेसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये असे स्वतंत्र शुल्क असून प्रत्येक कृतीचा अर्ज वेगळा असतो. सोबत कृतीची प्रत, तपशिलाचे विवरणपत्र, अर्जदार स्वतः रचनाकार नसल्यास रचनाकाराचे ना-हरकत पत्र आणि वकिलामार्फत अर्ज असल्यास अधिकारपत्र जोडावे लागते. कृतीत हितसंबंध सांगणाऱ्या इतरांना अर्जाची सूचना देणेही अर्जदारावर बंधनकारक आहे. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबले जाते आणि मग छाननी होते. वीस रचनांच्या गेमला चाल व ध्वनिमुद्रण दोन्ही नोंदवण्याचा खर्च ५०,००० रुपये येईल. हौशी चमूने तो पैसा कोपरखैरण्याच्या एखाद्या स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रण करून घेण्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. फार तर मुख्य शीर्षकसंगीत नोंदवावे.

निवडीबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. स्ट्रॅटेजी गेम तासन्‌तास चालतो, त्यामुळे ठळक गायन किंवा दर मिनिटाला चढणारा ताल लवकर कंटाळा आणतो. फाइल ऑग व्हॉर्बिस प्रकारात मागवावी, कारण एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला व शेवटी किंचित शांतता भरली जाते आणि आवर्तन पुन्हा सुरू होताना ठेच लागते. मूळ प्रकल्प-फाइल किंवा स्वरलेखनही मागून ठेवावे, म्हणजे पुढच्या चमूला बदल करता येतील. श्रेयनामावलीच्या फाइलमध्ये प्रत्येक रचनेपुढे शीर्षक, रचनाकार, स्रोत, परवाना आणि आपण केलेली काटछाट लिहावी, आणि ही ओळ संगीताची फाइल गेममध्ये जोडली त्याच वेळी भरावी.