विझलेली बॅटरी पुन्हा का पेटते?

हायब्रिड, म्हणजे इंधन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्या आल्या तेव्हा अग्निशमन जवानांना दोन गोष्टी पाठ करायला लावत: नारिंगी केबल कापायची नाही आणि 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीची जोडणी आधी तोडायची. ती तोडली की केबलमधला उच्च दाबाचा प्रवाह थांबतो. पण मोठ्या बॅटरीच्या पेटीत साठलेली वीज जागच्या जागीच राहते.

तिचं काय होतं, हे मे 2011 मधल्या एका चाचणीनंतर कळलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शेव्हरोले व्होल्ट ही गाडी बाजूने खांबावर आदळवली गेली. बॅटरीला इजा झाली, तिला थंड ठेवणारा द्रव गळला. गाडी आवारात तशीच उभी राहिली आणि तीन आठवड्यांनी पेटली. शेजारच्या गाड्याही जळाल्या. धडकेनंतर बॅटरी डिस्चार्ज करायची, म्हणजे तिच्यातली वीज काढून टाकायची, हे कंपनीला ठाऊक होतं, पण चाचणी घेणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

23 मार्च 2018 रोजी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे टेस्ला मॉडेल एक्स दुभाजकावर आदळली, चालकाचा मृत्यू झाला. बॅटरी फाटून उघडी पडली आणि पेटली होती. कंपनीच्या अभियंत्यांनी रस्त्यावरच तिचा काही भाग काढून घेतला, मगच गाडी टो करून यार्डात नेली. पाच दिवसांनी ती तिथे पुन्हा पेटली. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; दुखावलेल्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, आणि गाडीच्या तळाशी बंद पेटीत असलेल्या सेलपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून ज्वाळा विझल्या तरी जवानाला, आणि नंतर टोइंगवाल्याला, निर्धास्त होता येत नाही.

2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा अपघातांचा अभ्यास मांडला आणि कंपन्यांच्या सूचना अपुऱ्या असल्याचं स्पष्ट सांगितलं. अशी गाडी इतरांपासून 50 फूट दूर ठेवा, हा सल्ला दाटीच्या यार्डात पाळणं अवघड, हेही त्यात आलं. ऑगस्ट 2024 मध्ये कॅलिफोर्नियातच विजेवरचा एक ट्रक जळाला. त्यावर सुमारे 1.9 लाख लिटर पाणी लागलं. तो मोकळ्या जागी नेऊन 24 तास नजरेखाली ठेवला. पुन्हा पेटला नाही.

केबल कुठून जाते, गाडी कुठे कापायची, हे दाखवणारे प्रत्येक मॉडेलचे बचाव-नकाशे आयएसओ 17840 या आंतरराष्ट्रीय मानकाखाली 2015 पासून तयार होऊ लागले. आपल्याकडे 2018 पासून हिरवी नंबरप्लेट आहे. गाडी विजेवरची आहे एवढं तिच्यावरून कळतं. कटर कुठे लावायचा, हे मात्र नकाशाच सांगतो, आणि तो अपघाताची वर्दी येण्याआधी अग्निशमन केंद्रात असावा लागतो.