तलावाच्या पोटातला पुरावा

नागपूरहून भंडारा रोडनं निघालं की मौद्याच्या पुढे कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या लागतात. वरच्या अंगाला मातीची लांब पार दिसली की समजायचं, हा मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. 1951 साली मालगुजारी गेली, नाव राहिलं. पण यातले कितीतरी तलाव कोहळी समाजानं गोंड राजवटीतच बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, अशी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची रीत होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या तुकूम वस्तीच्या नावात ती रीत अजून जिवंत आहे.

त्याआधीचं काय? वाशीम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात, शके 380 मध्ये, वाकाटक घराण्यातल्या देवसेन राजाच्या काळात सुदर्शन नावाचं तळं बांधल्याची नोंद आहे. आणखी मागे गेलं की लेख संपतात, तिथून मातीलाच विचारावं लागतं. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोहयुगीन वस्तीत जळालेलं धान्य मिळालं. असं धान्य पावसावर पिकलं की दिलेल्या पाण्यावर, हे ओळखायचं कसं?

एक खूण तणाची. पाणी साचलेल्या बांधीत लव्हाळ्याच्या जातीचं तण माजतं, कोरडवाहू रानात वेगळंच. कापणीत त्याचं बी धानाबरोबर खळ्यावर येतं आणि चुलीत पडलं तर कोळसा होऊन टिकतं. दुसरी खूण दाण्यातल्या कार्बनची. गहू-जवाच्या रोपाला पाणी कमी पडलं की ते पानावरची छिद्रं मिटून घेतं. मग आत अडकलेल्या हवेतला कार्बनचा जड प्रकारही, जो रोप एरवी टाळतं, त्याला जास्त वापरावा लागतो. ते प्रमाण जळालेल्या दाण्यातही मोजता येतं. शिवाय गहू-जवाच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म साचे तयार होतात. भरपूर पाणी मिळालेल्या पिकात हे साचे एकमेकांना जोडलेले, मोठाल्या तुकड्यांत सापडतात.

पण या खुणा वाचायला आजचं शेत समोर लागतं. कुठल्या पाण्यात कुठलं तण येतं, हे जुन्या पद्धतीनं पाणी देणाऱ्या बांधीतच कळतं. म्हणून मला हे तलाव प्रयोगशाळेइतकेच मोलाचे वाटतात.

उन्हाळ्यात एका आटलेल्या तलावातून मी गाळाचं ढेकूळ उचललं. फोडलं तर आत काळे-करडे थर, मधे शिंपल्यांचा चुरा, कोळशाचा एक कण. थोड्या अंतरावर पोकलेन तोच गाळ ट्रॅक्टरमध्ये भरत होतं. गाळ काढायलाच हवा, शेताला तो सोन्यासारखा. फक्त गाळाबरोबर थरांतला पुरावाही जातो, म्हणून मशीन उतरण्याआधी तलावाच्या मध्यभागी एक पाइप ठोकून थरांचा उभा नमुना काढून ठेवा. त्याला एक सकाळ पुरते.